कोळीवाड्यातलं घर पांढरं-निळं का नसतं?

प्रश्न : मी मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. दिवाळीआधी रंग काढायचा आहे, तर मुलीने ‘बीच स्टाइल’चा धोशा लावलाय. मोबाइलवर रोज नवे फोटो : पांढऱ्या भिंती, निळ्या पट्ट्यांचे अभ्रे, दोरखंड गुंडाळलेले दिवे, बरणीत वाळू आणि शिंपले, भिंतीवर वल्हं. माझं माहेर ट्रॉम्बे कोळीवाड्यातलं. माहेरच्यांची सगळी हयात पाण्यावर गेली, पण घरात असलं काही कधी नव्हतं. भिंत पोपटी, दार निळं, आतली खोली गुलाबी. मग समुद्राकाठचं घर म्हणजे पांढरं-निळं, हे ठरवलं कोणी? आणि आमच्या एवढ्याशा घरात ते जमेल का?
(एक वाचक, मानखुर्द)

उत्तर : ठरवलं पाहुण्यांनी, ताई. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांना कोणी विचारलंच नाही.

युरोपातसुद्धा अठराव्या शतकापर्यंत पैसेवाला माणूस सहसा हौसेने समुद्राकाठी घर बांधायला जात नसे. किनारा म्हणजे मासळीचा वास, वादळं आणि चाचे. १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने गाठींच्या आजारावर समुद्राच्या पाण्याचा उपाय सांगणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. त्या पाण्याने आंघोळ तर करायचीच, वर ते प्यायचंसुद्धा! ब्रायटनला रोग्यांची रीघ लागली. रोग्यांमागून हौशी आले, हौशींमागून बंगले. आता, सुट्टीतल्या घरासाठी नवं फर्निचर कोण घेतो? शहरातल्या घरातून बाद झालेली कपाटं-खुर्च्या तिकडे धाडायच्या, एकाला एक जुळत नाही म्हणून सगळ्यांवर पांढरा हात फिरवायचा, आणि पोरं ओल्या कपड्यांनी, वाळूच्या पायांनी येऊन बसणार म्हणून गाद्यांना धुता येतील अशा खोळी घालायच्या. आज ज्याला ‘रिलॅक्स्ड’ म्हणत दुकानदार जास्तीचे पैसे लावतो, ती मुळात उरल्यासुरल्याची सोय आहे.

पट्टे आले फ्रेंच आरमारातून. मार्च १८५८ मध्ये फ्रान्सने आपल्या खलाशांना निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची विणलेली बंडी नेमून दिली. पुढे ती फॅशनवाल्यांनी उचलली आणि फिरत फिरत तुमच्या लेकीच्या मोबाइलमधल्या उशीवर येऊन बसली.

मुंबईलाही समुद्राकाठी राहण्याची चैन आजारपणाच्या वाटेनेच आली. आपल्याकडे तिला हवापालट म्हणत. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा बरं व्हायला त्यांना नेलं ते जुहूला, समुद्राकाठच्या एका बंगल्यात. तेव्हाचं जुहू म्हणजे माड, वाळू आणि श्रीमंतांची तुरळक घरं. आज अलिबागला शनिवार-रविवारसाठी बांधलेले बंगले त्याच घराण्यातले. तिथे पांढरा सोफा शोभतो, कारण तो आठवड्यातले पाच दिवस झाकलेला असतो.

आता कायम राहणाऱ्यांकडे बघा. गुहागरला किंवा दिवेआगरला गेला असाल तर आठवेल. घरांची तोंडं रस्त्याकडे. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीमागे केवडा नाहीतर सुरू, आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. ज्याच्या मालकीची वाडी थेट पुळणीला भिडते, तो माणूससुद्धा समुद्राला पाठ देऊन ओटीवर बसलेला असतो. खारा वारा, उडती वाळू आणि पावसाळ्यातलं ते थैमान यांच्यापासून घर जपायचं असतं, म्हणून मधे झाडांची भिंत. समुद्र बघायला त्याला खिडकी लागत नाही. तो रात्रभर ऐकू येतो.

कोळीवाड्यात तर समुद्र म्हणजे कामाची जागा. जाळी ओट्यावर, बोंबील वलांडीवर, टोपल्या दाराशी. दिवसभर हाताखाली येतं ते सगळं करडं, काळपट, चिखलाच्या रंगाचं. अशी माणसं घरात शिरल्यावर पुन्हा वाळूचाच रंग कशाला बघतील? म्हणून भिंत पोपटी आणि आतली खोली गुलाबी. दाराचा निळा बहुधा होडीच्या डब्यातला. होडी रंगवून उरलेला ऑइलपेंट वाया कोण घालवणार? आणि कोळी घरातली सजावट म्हणाल तर ती असते मांडणीवर, चिंच लावून लख्ख घासलेल्या पितळी भांड्यांत, आणि एकवीरा आईच्या तसबिरीत. शिंपल्या त्या घरातही येतात, पण कालवणातून.

एवढं बोलून झाल्यावर मुलीची बाजूही घेतो, कारण पांढरं-निळं आपल्याकडे नव्हतंच असं नाही. तुमच्या आईला विचारा. दिवाळीच्या आधी कळीचा चुना यायचा. जुन्या पिंपात चुना टाकून पाणी ओतलं की तो फसफसून उकळायला लागायचा. पोरांना लांब उभं करायचे, कारण शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जायचा. रात्रभर निवल्यावर दुसऱ्या दिवशी तो फडक्यातून गाळायचा, धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा खळ घालायची आणि शेवटी चिमूटभर नीळ. तीच, धोतर-सदऱ्याला घालायची. नुसता चुना वाळला की पिवळट दिसतो. निळीने तो पिवळेपणा मरतो आणि भिंत पांढरी स्वच्छ दिसते. हात थोडा सढळ झाला की अख्खी खोली फिकट निळी. ग्रीसच्या बेटांवरची जी पांढरी-निळी घरं फोटोंत दिसतात, त्यांच्या निळ्यामागेही हीच युक्ती आहे : कपड्यांची नीळ आणि चुना. त्यामुळे मुलीला सांगा, तुझी ‘बीच स्टाइल’ आजीच्या पिंपात होती.

चुन्याचा आणखी एक गुण होता. तो जहाल असतो, म्हणून त्याच्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. शिवाय भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडते. तुमच्या भिंतीवर आता चुना देणारा गडी मिळणं कठीण, आणि मिळाला तरी अंगाला पांढरं लागतं म्हणून घरातले ओरडतील. पण पेंटरला एक गोष्ट आधी विचारा : खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे का? असेल तर तो पूर्ण खरवडून, पॉलिश पेपर मारून, प्रायमर दिल्याशिवाय प्लास्टिक पेंट लावू देऊ नका. पेंटर म्हणतील, ‘काही होत नाही.’ पहिल्या पावसात पोपडे येतात. वरच्या घराच्या मोरीतून ओल येत असेल तर आधी ती गळती थांबवायची. ओल्या भिंतीवर कंपनीचा सर्वांत महाग रंग फासला तरी तो सुटून येणारच.

आता तुमचं घर. मानखुर्दला समुद्र आहे, पण पुळण नाही. आहे ती खाडी. गाडी मानखुर्द सोडून वाशीच्या पुलावर चढली की डब्यातल्या घामेजलेल्या माणसांना अचानक वारा लागतो. ओहोटी असेल तर खाली चकचकीत चिखल, त्यात निवट्यांच्या उड्या, कडेला तिवरांची हिरवी पट्टी आणि हिवाळा-उन्हाळ्यात लांबवर गुलाबी ठिपके. ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. याच ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. तुमच्या घरापासून बसच्या अंतरावर जगभरची माणसं बघायला येतात असा किनारा असताना भूमध्य समुद्राचा निळा उसना आणायची मला तरी गरज दिसत नाही. चुन्याचा दुधाळ पांढरा, चिखलाचा करडा, तिवराच्या पानाचा मळकट हिरवा आणि एखाद्या ठिकाणी रोहिताचा फिका गुलाबी एवढे रंग पुरेत. माहेरच्या गुलाबी खोलीचं नातंही राहील. निळा हवाच असेल तर दाराला द्या, माहेरसारखा, ऑइलपेंटचा, भडक.

पण रंगाच्या आधी वारा. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण समुद्राकाठच्या घराचं सुख म्हणतात ते नव्वद टक्के वाऱ्याचं असतं, आणि मानखुर्द-गोवंडीत वारा ही चैनीची वस्तू नाही. २०१८ च्या सुमारास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी एम-पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली : लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो, अशा ठिकाणी क्षयरोग जास्त आढळला, आणि खालच्या मजल्यांवर अधिकच. जिथे इमारतींत अंतर जास्त, तिथे आजार बराच कमी. इमारत तर तुम्हाला हलवता येणार नाही. पण दुसऱ्या मजल्यावर राहता, म्हणून तुमच्या हातात आहे तेवढी खिडकी तरी पूर्ण उघडी हवी.

मी अशा घरांत जातो तेव्हा पहिली नजर खिडकीच्या बॉक्स ग्रिलकडे जाते. तिच्यात काय नसतं? तुटकी बादली, गणपतीची मखरं, सिलिंडर, जुन्या चपलांचं पोतं, वाळत घातलेले कपडे, आणि वरून पावसाचा पत्रा. मग आत खोलीत दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. तुमची खिडकी अशी असेल तर दिवाळीचं काम तिथून सुरू करा. ग्रिलमध्ये एक तुळस आणि फार तर एक मोगरा, बाकी सगळं बाहेर. खिडकीला पाठ लावून उभं असलेलं कपाट असेल तर ते दुसऱ्या भिंतीला. खिडकी एकाच बाजूला असते आणि समोर असतो जिन्याचा बोळ, म्हणून मुख्य दार दिवसभर उघडं ठेवून जाळीचं सेफ्टी डोअर लावा. तरच वाऱ्याला आत यायला आणि बाहेर पडायला वाट मिळते. शाळेत शिकलेलं आठवा : दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून वाहतात ते मतलई. मानखुर्दला पूर्वेला खाडी आणि पश्चिमेला शहर, त्यामुळे दुपारनंतरचा वारा अख्खी मुंबई ओलांडून येतो, धूळ घेऊन. हिवाळ्यात पहाटेचा पूर्वेकडून येतो, तो त्यामानाने बरा. तुमची खिडकी कोणत्या बाजूला आहे ते बघून झाडलोटीची वेळ ठरवा. डासांसाठी खिडकीला जाळी लागेलच, पण ती काढून धुता येईल अशी, वेल्क्रोची. धुळीने बुजलेली जाळी म्हणजे भिंतच.

पडद्यांना मांजरपाट. फोटोत जो सुरकुतलेला, कच्च्या सुताच्या रंगाचा कपडा दिसतो आणि ज्याला भारी नाव देऊन विकतात, त्याच्या जवळात जवळ जाणारा हा आपला कपडा. फक्त शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि दोनदा धुवा. त्यातली खळ निघाली पाहिजे आणि जेवढा आटायचा तेवढा तो आधीच आटला पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा खिडकीच्या वर वीतभर चढलेला दिसेल. रुंदी खिडकीच्या दुप्पट, म्हणजे चुण्या नीट पडतात. गाद्या-उशांना याच कपड्याच्या खोळी, नाडीच्या. चेन पावसाळ्यात गंजते आणि कपड्यावर डाग पाडते. पट्टे हवेतच ना? मग फ्रेंच खलाशांना राहू द्या. सतरंजी काढा. लग्नकार्यात अंथरायची ती निळ्या-पांढऱ्या किंवा निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी दिवाणावर टाकली की मुलगी मैत्रिणींना दाखवायला मोकळी. पायथ्याशी आईच्या नऊवारीची गोधडी.

पांढऱ्याबद्दल एक सूचना. खालच्या मजल्यावर झगझगीत पांढरी भिंत आणि पांढरी ट्यूब म्हणजे दवाखाना. भिंत किंचित पिवळट पांढरी, दिवा पिवळसर. आणि जमिनीपासून साडेतीन-चार फुटांपर्यंत धुता येईल असा रंग, चाळीत असायचा तसा ऑइलपेंटचा पट्टा. हाताचे, डोक्यांच्या तेलाचे, सायकलच्या टायरचे डाग तिथेच पडतात. तो पट्टा चिखलाच्या करड्या रंगाचा केलात तर बाहेरची ओहोटीही घरात आली.

राहिलं वल्हं. बाजारातलं वल्हं आणू नका. ते कधी पाण्याला लागलेलं नसतं. माहेरी विचारून बघा. जाळं विणायची जुनी सुई, एखादं घासून गुळगुळीत झालेलं लाकूड, आजोबांचा होडीवरचा फोटो, यातलं एक काहीतरी मिळेल. तेवढं एकच भिंतीवर. जाळं मात्र लावू नका. नायलॉनच्या जाळ्यात धूळ बसते, तुमच्याकडच्या हवेत तर आठवड्यात, आणि वापरलेलं असेल तर पहिल्या पावसाळ्यात शेजारी वास विचारायला येतील.

प्रश्न : समुद्राकाठी सहलीला गेलो की मुलं शंख-शिंपले गोळा करतात. स्टॉलवर प्रवाळाचे तुकडेही मिळतात. शोकेसमध्ये ठेवायला हे घेणं गुन्हा आहे असं कोणी म्हणालं. खरं का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : प्रवाळाच्या बाबतीत खरं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्याच्या यादीत प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि मोठमोठ्या शंख-शिंपल्यांच्या बऱ्याच जाती घातल्या गेल्या. त्यांची विक्री-खरेदी चालत नाही, मग स्टॉलवाला कितीही शपथा घेवो. राक्षसी शिंपला, मोठा शिंगवाला शंख असलं काही दिसलं तर हात लावू नका. मुलांनी वेचलेल्या तिसऱ्यांच्या टरफलांवर कोणी खटला भरणार नाही. पण गोल शंख उचलताना आत खेकडा नाही ना, एवढं बघायला शिकवा. किनाऱ्यावरचा रिकामा शंख हे त्या मऊ पोटाच्या खेकड्याचं पुढचं घर असतं, आणि त्याच्याकडे जागेची टंचाई मुंबईपेक्षा जास्त.

शोकेससाठी हवेच असतील तर बाजारातून किलोभर तिसऱ्या आणा. कालवण खा, टरफलं उकळा, ब्रशने घासा, चार दिवस कडक उन्हात वाळवा. अर्धवट उकळलेलं टरफल महिनाभराने स्वतःची आठवण करून देतं.

प्रश्न : वेताच्या खुर्च्या पावसाळ्यात पांढऱ्या पडतात आणि बांबूच्या स्टुलाखाली रोज पिठासारखी भुकटी दिसते. काय करावं?
(एक वाचक, चेंबूर)

उत्तर : दोन वेगळे रोग. वेतावर पांढरं येतं ती बुरशी. कोरड्या ब्रशने झाडून घ्या, घरात नको, गॅलरीत. मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि उघडीप मिळेल तेव्हा उन्हात ठेवा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवू नका, हातभर पुढे ओढा; पाठीमागे हवा खेळली की अर्धी बुरशी येतच नाही. पावसाळा संपला की एक हात पॉलिशचा.

बांबूखालची भुकटी म्हणजे आत भुंगा आहे. बांबूतल्या पिठूळ भागावर तो जगतो. म्हणूनच जुने लोक बांबू पावसाळा संपल्यावर तोडत आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. पाण्यात तो अंश निघून जातो आणि भुंग्याला खायला उरत नाही. स्वस्तातल्या स्टुलाच्या बांबूला ते पाणी लागलेलं नसतं. बोरॅक्स आणि बोरिक पावडर पाण्यात विरघळवून भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने सोडा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा, आणि भोकं मेणाने बुजवा. लहान मुलं आणि मांजर तेवढे दिवस लांब ठेवा. त्यानंतरही पीठ पडत राहिलं तर स्टूल घराबाहेर काढा, नाहीतर भुंगा शेजारच्या सुपात आणि टोपलीत जाईल. आणि पुढच्या वेळी घेताना स्टूल उलटं करून जमिनीवर दोनदा आपटा. खाली भुकटी सांडली तर दुकानदाराला राम राम करून पुढे निघा.